नमुना न्यावा, तागा नव्हे

कापडाच्या व्यापारात वाढलेल्या घरांना एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. फिरतीवर निघालेला विक्रेता गावोगावी तागे वाहून नेत नाही. तो नमुन्यांची पुस्तिका नेतो. बोटभर रुंदीच्या, कातरलेल्या कडांच्या त्या तुकड्यांवरून गिऱ्हाईक पोत ओळखते, रंग पारखते आणि मागणी नोंदवते. ताग्याची जागा गोदामात असते. पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेला हा व्यवहार घरातील मुले-मुली मात्र इंटरनेटवर आपले काम मांडताना नेमका विसरतात. तेथे ते गोदामच पाहुण्याच्या दारात आणून ठेवतात.

असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. सांगलीच्या कापडपेठेत तीन पिढ्यांचे दुकान. घरातील नात टेक्स्टाइल डिझाइनचे शिक्षण पूर्ण करून आलेली. चार वर्षांतील पेन्सिलीची रेखाटने, विणकामाचे आलेख, छापाचे नमुने, मागावरून उतरलेल्या कापडाची छायाचित्रे असे सारे काम तिने स्वतःच्या संकेतस्थळावर मोठ्या हौसेने मांडले. एका निर्यातदार कंपनीकडे अर्ज केला आणि सोबत संकेतस्थळाचा दुवा पाठवला. दोन आठवडे उत्तर नाही. मग एका ओळीचा निरोप आला : दुवा उघडत नाही.

दुवा तर उघडत होता. घरच्या वायफायवर, तिच्या लॅपटॉपवर क्षणात उघडत होता. गल्ल्यावर बसलेल्या आजोबांनी आपला जुना फोन पुढे केला. ''यावर दाखव बरं.'' पांढरे पान उघडले आणि पांढरेच राहिले. वरून चित्राची एक पट्टी उतरली, थांबली, आणखी बोटभर उतरली. आजोबा काही वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ''एवढ्या वेळात गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं असतं, बाळ.''

प्रसंग कल्पित असला तरी अडचण कल्पित नाही. आज दागिन्यांची घडण, साड्यांचे काठ-पदर, वेष्टनांची रचना, घरांची अंतर्गत सजावट अशा कितीतरी क्षेत्रांत व्यापारी घरांतील नवी पिढी उतरली आहे, आणि तिच्या कामाची पहिली भेट बहुधा पडद्यावरच होते. ती भेट होण्याआधीच पाहणारा कंटाळून निघून गेला, तर चार वर्षांचे श्रम न पाहिलेलेच राहतात. वाईट याचे की त्या नकाराचे कारणही कळत नाही.

वजन कोठून येते

चित्राच्या फाइलला वजन असते ते पिक्सेलचे. पिक्सेल म्हणजे चित्रातील रंगाचा एक ठिपका. आजच्या साध्या फोनचा कॅमेराही ४००० बाय ३००० पिक्सेलचे, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचे छायाचित्र सहज काढतो. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन बाइट धरले, तर कच्चा हिशेब ३६ एमबीचा होतो. कॅमेरा तो स्वतःच दाबून चार-सहा एमबीवर आणतो आणि आपण ती फाइल जशीच्या तशी संकेतस्थळावर चढवतो.

आता पाहणाऱ्याच्या बाजूने हिशेब मांडावा. सर्वसाधारण लॅपटॉपचा पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपक्यांचा असतो. १ कोटी २० लाख ठिपक्यांचे छायाचित्र त्यावर दाखवायचे, तर जवळजवळ सहापैकी पाच हिस्से माल वाटेतून आणून तेथेच टाकून द्यावा लागतो. पाहणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याने फक्त वाट पाहिली आणि आपला डेटा खर्च केला.

पानावर अशी सहा एमबीची २४ छायाचित्रे असली, तर एकूण वजन १४४ एमबी. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचे वजन मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट असल्याने, सेकंदाला ८ मेगाबिट अशा जोडणीवर सेकंदाला एकच एमबी उतरतो. म्हणजे हे पान पूर्ण उघडायला १४४ सेकंद, जवळजवळ अडीच मिनिटे. तीच चित्रे प्रत्येकी २०० केबींवर आणली, तर एकूण वजन ४.८ एमबी आणि वेळ पाच सेकंद. काम तेच, चित्रे तेवढीच; ओझे मात्र तिसावा हिस्सा. चांगल्या पानाबद्दल गूगलने २०२० साली जे निकष जाहीर केले, त्यांत पानावरील सर्वांत मोठा दृश्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा एक निकष आहे. वरच्या हिशेबातील पहिली दोन-तीन चित्रे आधी उतरवली, तर तोही सहज पाळता येतो.

येथे एक जुना गैरसमज दूर करणे भाग आहे. छापखान्याशी ज्यांचा संबंध येतो, त्यांच्या कानी '३०० डीपीआय' हा शब्द सतत पडतो. इंचाला ३०० ठिपके हा कागदावरील छपाईचा हिशेब आहे. ए-४ आकाराचे पान त्या हिशेबाने २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे होते. पडद्याला मात्र इंचाशी कर्तव्य नसते. त्याला एकूण पिक्सेल किती एवढेच कळते. म्हणून फाइलमधील डीपीआयचा आकडा ३०० वरून ७२ केला आणि पिक्सेल तेवढेच ठेवले, तर वजन तिळभरही कमी होत नाही. कमी करायची ती चित्राची पिक्सेलमधील लांबी-रुंदी. पानावर ८०० पिक्सेल रुंदीत दिसणाऱ्या चित्राला, दाट ठिपक्यांच्या नव्या पडद्यांचा विचार करून, दुप्पट म्हणजे १६०० पिक्सेल रुंदी पुरेशी असते. ४००० बाय ३००० चे चित्र १६०० बाय १२०० केले की ठिपके सव्वासहा पटींनी कमी होतात. हे एकच पाऊल उचलले, तरी निम्म्याहून अधिक लढाई जिंकल्यासारखी आहे.

'फारच साधी' ठरलेली कल्पना

आकार कमी केल्यानंतरचे काम म्हणजे चित्र दाबणे. आपण रोज वापरतो ती जेपीईजी पद्धत ज्या गणितावर उभी आहे, त्याची हकिकत बेंगळुरूपासून सुरू होते. १९४० साली तेथे जन्मलेले नासिर अहमद तेथूनच १९६१ साली अभियांत्रिकीचे पदवीधर झाले आणि पुढील शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना १९७२ साली त्यांनी एका नव्या गणिती रूपांतराच्या अभ्यासासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. अनुदान मिळाले नाही. कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता, अशी आठवण अहमद यांनी पुढे लिहून ठेवली आहे. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी लिहिलेला 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' या विषयावरचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९२ साली जेपीईजीचे मानक ठरले, तेव्हा त्याच्या गाभ्याशी हेच रूपांतर होते. पुढे डिजिटल चित्रफितींच्या बहुतेक पद्धतींनीही त्याचाच आधार घेतला.

ही कल्पना हिशेबनीसाला चटकन समजावी अशी आहे. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे, म्हणजे ६४ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील ६४ रंग सुटे सुटे लिहिण्याऐवजी आधी त्याची सरासरी लिहितात, मग मोठे चढउतार, मग त्याहून बारीक चढउतार, असे करत ६४ आकडे मांडतात. निळ्या आकाशाच्या किंवा साध्या कापडाच्या चौकोनात पहिले दोन-चार आकडेच काय ते अर्थपूर्ण निघतात. उरलेले जवळजवळ शून्य असतात. अतिबारीक चढउतार डोळ्यांना फारसे जाणवत नसल्याने ते ढोबळ करून सोडता येतात. शून्यांची लांबच लांब रांग लिहायला जागा कितीशी लागणार? शिवाय मानवी डोळा उजेड-सावलीतील फरक जितका बारकाईने टिपतो, तितका रंगातील फरक टिपत नाही. म्हणून रंगाची माहिती बहुधा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्मी करतात. एवढ्याने कच्चा माल अर्ध्यावर येतो.

या पद्धतीत काही माहिती कायमची जाते, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे. तीच जेपीईजी फाइल पुन्हा पुन्हा उघडून, फेरफार करून साठवत गेल्यास प्रत्येक वेळी थोडा थोडा कस उतरतो. म्हणून मूळ फाइल गोदामातील ताग्याप्रमाणे अस्पर्श ठेवावी आणि संकेतस्थळासाठी प्रत्येक वेळी तिच्यापासून नवी प्रत काढावी. प्रत काढताना प्रतवारीचा आकडा विचारला जातो. शंभरच्या मापावर ७५ ते ८५ यांच्या दरम्यान बहुतेक छायाचित्रे उत्तम दिसतात. ९० च्या पुढे गेले की वजन झपाट्याने वाढते. दिसण्यात मात्र फरक शोधावा लागतो. हा आकडा टक्केवारी नव्हे आणि प्रत्येक प्रणालीत त्याचे माप एकसारखेही नसते. त्यामुळे आकड्यावर विसंबण्यापेक्षा दोन प्रती शेजारी ठेवून डोळ्यांनी निवड करणे बरे.

ज्या मालाला जे वेष्टन

सगळा माल एकाच खोक्यात भरत नाहीत. चित्रांचेही तसेच आहे.

छायाचित्रांसाठी जेपीईजी योग्य. सपाट रंगांची, धारदार कडांची चित्रे, उदाहरणार्थ विणकामाचा आलेख किंवा शाईचे रेखाटन, जेपीईजीत दाबली की कडांभोवती मळकट झुळझुळ दिसू लागते. त्यांना पीएनजी बरे. पीएनजीमध्ये काहीही गमावले जात नाही. एकच नोंद पुन्हा पुन्हा येत असेल तर मुनीमजी खाली 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे होत. पीएनजीची युक्ती त्याच जातीची आहे. म्हणूनच सारखेपणा अधिक असलेल्या चित्रात ती खुलते, आणि हजारो रंगछटा असलेल्या छायाचित्रात तिची फाइल अवाढव्य होते. आलेखात आठच रंग असतील, तर पीएनजी साठवताना रंगांची संख्याही तेवढीच मर्यादित करावी. वजन आणखी घटते.

पीएनजीच्या जन्मामागे व्यापाऱ्यांना रस वाटावा अशी गोष्ट आहे. १९८७ साली आलेल्या जिफ या चित्रप्रकारातील संकोचनाच्या पद्धतीवर युनिसिस या कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस परवाना शुल्काचा विषय पुढे आला, तेव्हा संगणक जाणणाऱ्यांनी एकत्र येऊन कोणाच्याही हक्काने न अडलेली नवी पद्धत घडवली. १९९६ मध्ये तिला मान्यता मिळाली. तीच पीएनजी.

दुकानाची मुद्रा, चिन्हे, साध्या रेषांची नक्षी यांसाठी एसव्हीजी सर्वांत हलके. त्यात ठिपके नसतात. 'येथून तेथवर रेघ ओढ' अशा सूचना असतात. त्यामुळे ते नखाएवढे दाखवले काय किंवा भिंतीएवढे दाखवले काय, कडा स्वच्छच राहतात. अलीकडच्या काळात गूगलने २०१० मध्ये आणलेले वेबपी आणि २०१९ मध्ये आलेले एव्हीआयएफ हे दोन प्रकार रूढ होत आहेत. तितक्याच दर्जाच्या जेपीईजीपेक्षा वेबपी साधारण पाव ते एक-तृतीयांश हलके असते, असे गूगलचे मापन सांगते. आजचे सर्व प्रमुख ब्राउझर वेबपी दाखवतात, त्यामुळे नव्याने संग्रह मांडणाऱ्याने ते निःशंकपणे वापरावे. आयफोनने काढलेली छायाचित्रे पुष्कळदा हेइक प्रकारची असतात. ती अनेक ब्राउझरांत उघडत नाहीत, म्हणून आधी जेपीईजी किंवा वेबपीत बदलून घ्यावीत.

एक रिपीट पुरे

कापडावरच्या छापाबाबत एक युक्ती विशेष उपयोगाची आहे, आणि कापडवाल्यांच्या घरात ती आपसूक सुचायला हवी. छापाचा साचा एकच असतो. तो पुन्हा पुन्हा उमटून थान भरते. तरीही विद्यार्थी संकेतस्थळावर पूर्ण भरलेल्या कापडाचे भलेमोठे चित्र चढवतात. ब्राउझरला एकच रिपीट दिला आणि तो चारी दिशांना मांडण्याची सूचना केली, तर पाचशे पिक्सेलच्या चौरस तुकड्यातून अख्खा पडदा भरतो. उतरवावा लागतो तो एकच तुकडा. जोडाच्या रेघा दिसत नाहीत ना, एवढे तपासून घ्यावे. दिसल्या तर तो तुकडा पीएनजीत साठवावा. यात आणखी एक लाभ आहे. रिपीट अचूक जुळतो की नाही, हे पाहणाऱ्या जाणकाराला तत्काळ दिसते आणि डिझाइनरच्या हाताची सफाई कळते.

जरी, लाल रंग आणि बारीक चौकडी

वजन उतरवण्याच्या नादात मालाचा कस उतरता कामा नये. पैठणीच्या काठावरची मुनिया, पदरावरचा बांगडी-मोर, इरकलीची टोप-पदराची वीण, नथीतील मोत्यांचा गुंफा, ठुशीचे बारीक मणी यांत मूल्य असते ते तपशिलाचे. अति दाबलेल्या चित्रात हातमागाचे विणकाम छापील कापडासारखे सपाट दिसते. पारखी ग्राहकाच्या नजरेत तो दोष चित्राचा न राहता कामाचा ठरतो.

तीन ठिकाणी विशेष जपावे. पहिले, गडद कापडावरची लाल रंगाची नाजूक कलाकुसर. रंगाची माहिती निम्मी करण्याचा जो उपाय वर सांगितला, त्याचा फटका येथेच बसतो आणि लाल रेषा पसरट होते. अशा चित्रापुरती ती सोय बंद ठेवावी. दुसरे, बारीक चौकडी आणि पट्ट्यांचे कापड. चित्र लहान करताना त्यावर मुळात नसलेल्या लाटा उमटतात. लहान केलेली प्रत नीट पाहावी आणि लाटा दिसल्या तर आकार थोडा बदलून पुन्हा काढावी. तिसरे, रंगांचे माप. छपाईसाठी चार शाईंच्या हिशेबाने केलेली फाइल पडद्यावर भलत्याच रंगांत दिसू शकते. म्हणून संकेतस्थळाची प्रत आधी एसआरजीबी या पडद्याच्या रंगमापात बदलावी आणि मगच हलकी करावी. आमसुली रंगाची साडी पाहणाऱ्याला विटकरी दिसली, तर हलकेपणा काय कामाचा?

तपशील दाखवायचाच असेल तर एक अवाढव्य चित्र ठेवू नये. पूर्ण साडीचे एक मध्यम चित्र ठेवावे आणि काठाच्या चार बोटे भागाचे जवळून घेतलेले दुसरे. दोन्हींचे मिळून वजन त्या एका चित्राहून कितीतरी कमी भरते आणि पाहणाऱ्याची नजर डिझाइनरला हवी तेथे स्थिरावते. वकिली बाण्याने सगळेच पुरावे मांडण्यापेक्षा चांगला दुकानदार गादीवर मोजक्या साड्या उलगडतो. चोवीस कामांपैकी बारा उत्तम निवडली, तर वजन निम्मे होते आणि छापही अधिक खोल पडते.

पान रचताना

पाहुणा दारात येताच घरातील सर्व खोल्यांचे दिवे लावायची गरज नसते. पानावरची चित्रे पाहणारा खाली सरकेल तशी उतरावीत, अशी सोय ब्राउझरांतच आहे. संकेतस्थळ बनवणाऱ्या कारागिराला 'लेझी लोडिंग' एवढा शब्द सांगितला तरी पुरते. मात्र अगदी वरच्या चित्राला ती सोय लावू नये. ते तर सर्वांत आधी दिसायला हवे. प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी पानाच्या सांकेतिक भाषेत नमूद करावी, म्हणजे चित्र उतरताना मजकूर वर-खाली उड्या मारत नाही. एकाच चित्राच्या लहान-मोठ्या दोन-तीन प्रती ठेवून फोनला लहान आणि संगणकाला मोठी देण्याचीही व्यवस्था करता येते.

मागाची लय दाखवणाऱ्या हलत्या जिफ चित्राचे वजन पाहून अनेकांना धक्का बसतो. जिफमध्ये २५६ च रंग मावतात आणि हालचाल दाबण्याची त्याची रीत जुनी आहे. तेच दृश्य एमपी-४ चित्रफितीत बदलले, तर वजन पुष्कळ उतरते आणि रंगही सुधारतात. ती फीत आपोआप सुरू न करता एका स्थिर चित्रामागे ठेवावी. ज्याला पाहायची त्याने दाबून पाहावी.

चित्रांखालोखाल ओझे अक्षरांचे. देवनागरी अक्षरांच्या फाइलमध्ये जोडाक्षरांचे शेकडो आकार असल्याने ती रोमन अक्षरांच्या फाइलपेक्षा सहसा जड असते. एकाच अक्षरवळणाच्या ठळक, मध्यम, बारीक अशा पाच-सहा जाती लादण्याऐवजी दोन जाती घ्याव्यात आणि त्या वॉफ-२ या दाबलेल्या प्रकारात ठेवाव्यात. अक्षरे कापून फाइल लहान करण्याचा प्रयोग मात्र जपून करावा. घाईत केलेल्या कापणीत 'क्ष', 'त्र', 'श्र' मोडून पडतात.

अनेक संस्था आणि कंपन्या संकेतस्थळाऐवजी पीडीएफ मागतात. तेथेही दोन वेगळ्या फाइली असाव्यात : एक छपाईसाठी पूर्ण दर्जाची, दुसरी पडद्यासाठी, जिच्यातील चित्रे १५० डीपीआयच्या आसपास आणलेली. जीमेलवर २५ एमबीहून मोठी फाइल जोडून जात नाही, हेही लक्षात ठेवावे. व्हॉट्सअॅपवर छायाचित्र म्हणून पाठवलेले काम ते अॅप स्वतःच्या मर्जीने दाबते. आपण बेतलेला दर्जा तसाच पोहोचावा असे वाटत असेल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे.

घराबाहेर काय जाते

हलक्या फाइलीचा संबंध केवळ वेगाशी नाही. तो सावधगिरीशीही आहे. फोनने काढलेल्या छायाचित्रात तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा प्रकार आणि सोय चालू असल्यास ते कोठे काढले याचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. दागिन्यांचे छायाचित्र घरी काढले आणि तसेच संकेतस्थळावर चढवले, तर घराचा पत्ता जगाला दिल्यासारखे होते. संकेतस्थळासाठी प्रत काढताना ही माहिती काढून टाकण्याचा पर्याय बहुतेक साधनांत असतो. तो आवर्जून निवडावा. वजन थोडे घटते, चिंता पुष्कळ घटते.

फाइल फुकट दाबून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. तेथे चित्र चढवणे म्हणजे ते परक्याच्या संगणकावर पाठवणे, हे विसरू नये. एखाद्या पेढीसाठी केलेले, बाजारात अजून न आलेले डिझाइन तेथे देणे हा विश्वासाचा भंग ठरू शकतो. गूगलच्या क्रोम विभागातील मंडळींनी बनवलेले स्क्वूश हे साधन चित्र आपल्याच ब्राउझरमध्ये दाबते. चित्र बाहेर जात नाही. मूळ आणि दाबलेली प्रत शेजारी ठेवून, मधली रेघ सरकवत तुलनाही करता येते. नवख्याने आरंभ करायला ते सोयीचे.

आणि नकलेचा प्रश्न? संकेतस्थळावर चढवलेले चित्र कोणीही उतरवून घेऊ शकतो. परंतु १६०० पिक्सेलच्या प्रतीवरून मोठ्या पन्ह्याच्या कापडावर स्वच्छ छपाई होत नाही. पूर्ण आकाराची फाइल चढवणारा मात्र छपाईला तयार साचाच चोराच्या हाती देतो. नमुना आणि तागा यांतील भेद येथे संरक्षणाच्याही कामी येतो.

परीक्षा परक्या फोनवर

आपल्या संकेतस्थळाचा वेग आपल्याला कधीच खरा दिसत नाही, कारण एकदा पाहिलेली चित्रे ब्राउझर स्वतःजवळ साठवून ठेवतो. मालकाला दुकान नेहमीच जवळ वाटते. चालत येणाऱ्या गिऱ्हाइकाला अंतर कळते. म्हणून परीक्षा घ्यायची ती कधीही ते पान न उघडलेल्या फोनवर, वायफाय बंद करून. तसा फोन हाताशी नसेल, तर ब्राउझरच्या खासगी खिडकीत पान उघडावे. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात पत्ता टाकला, तर कोणते चित्र जड आहे आणि किती वजन वाचू शकते याची यादीच मिळते.

एखाद्या रविवारी दुपारी हे सारे काम आटोपते. त्याचा क्रम असा ठेवावा :

* मूळ फाइली वेगळ्या ठेवून त्यांची आणखी एक प्रत सुरक्षित जागी ठेवावी.
* उत्तम कामे निवडावीत. उरलेली मागितली तर दाखवावीत.
* रंगमाप एसआरजीबी करावे आणि रुंदी १६०० पिक्सेलच्या आसपास आणावी.
* छायाचित्रे वेबपी किंवा जेपीईजी, आलेख पीएनजी, चिन्हे एसव्हीजी या प्रकारांत साठवावीत.
* प्रत्येक चित्र १०० ते ३०० केबींत बसते का ते पाहावे; नाजूक कामाला थोडी सूट द्यावी.
* स्थळाची दडलेली माहिती काढून टाकावी.
* 'आयएमजी ४५२१' असे नाव न ठेवता कामाचा बोध होईल असे नाव द्यावे.
* परक्या फोनवर तपासावे.

सांगलीच्या त्या घरात नातीने असेच केले असे मानले, तर रविवारी संध्याकाळी तिने पुन्हा आजोबांचा जुना फोन मागितला असेल. दुवा दाबला आणि दुसऱ्या क्षणी पडद्यावर हिरव्या काठाचे कापड उभे राहिले. आजोबांनी चष्मा पुसला, चित्र बोटांनी मोठे केले, आणि वेगाबद्दल अवाक्षरही न काढता विचारले, ''हा काठ मागावरच विणलास, की मागून जोडलास?''

कामाविषयीचा पहिला प्रश्न अखेर विचारला गेला होता. तिने खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.